कूळ कुठलं?

मुलीचा फोन आला तेव्हा मी गाडीतच होतो. कॉव्हेंट्रीतल्या आमच्या घराच्या ड्राइव्हवेवर, इंजिन बंद करून. ऑफिसमधून आलो की मी लगेच घरात शिरत नाही, थोडा वेळ गाडीत बसतो. का, ते बायकोने कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मुलगी ग्लासगोला हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. तिने सांगितलं, तिला एक मुलगा आवडतो, तिथेच फिजिओथेरपिस्ट आहे, जन्म ग्लासगोचा, घरचे मूळचे पॅलेस्टाइनचे. मग म्हणाली, "बाबा, मी परमिशन मागत नाहीये. लग्न तर होणारच आहे. तू येणार का, तेवढं सांग."

मी म्हणालो, बघू.

'बघू' या शब्दावर मी आयुष्य काढलं आहे. नाही म्हणण्याचा वाईटपणा येत नाही आणि हो म्हटल्याची जबाबदारी येत नाही. तिलाही तो शब्द माहीत होता. तिने फोन ठेवला.

आता जे लिहितो आहे ते मी बायकोलाही या शब्दांत कधी सांगितलेलं नाही. मला मुसलमान जावई नको होता. बस, एवढंच होतं. पण इथे माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य उच्चारायची सोय नाही. ऑफिसात नव्या पोरांना डायव्हर्सिटीचं ट्रेनिंग मी देतो. मंडळाच्या गणपतीत मी शेजारच्या गुजराती मुसलमान कुटुंबाला आग्रहाने जेवायला बोलावतो. मला दुसरं कारण हवं होतं, चारचौघांत मांडता येईल असं. ते तयारच होतं, रोज फोनच्या पडद्यावर. तिकडे युद्ध पेटलेलं होतं, इकडे दर शनिवारी शहरांतून मोर्चे निघत होते, आणि माझी मुलगी त्यातल्या एका मोर्चात, गळ्यात तो चौकडीचा रुमाल घालून, फोटोत दिसली होती.

मी अभ्यासाला लागलो. गाडीत बसून व्हिडिओ बघायचो, लेख वाचायचो. भावकीच्या वादात माणूस जुने उतारे काढत मागे मागे जातो ना, मूळ नाव कुणाचं लागलं होतं ते शोधत, तसा मी मागे गेलो. आजच्या युद्धापासून निघालो तो थेट तुर्कांच्या राज्यापर्यंत. मध्ये इंग्रज लागले. पहिल्या महायुद्धात इथल्याच एका मंत्र्याने ज्यूंना तिथे घर देण्याचं लेखी आश्वासन दिलं होतं. अरबांनाही काहीबाही कबूल करून झालं होतं. आणि मग तो मुलूख यांनी स्वतःच्याच ताब्यात ठेवला होता. पुढे फाळणी, युद्ध, रिकामी झालेली गावं. मी वाचत होतो आणि मनात दोन ढीग करत होतो: उपयोगाचं आणि बिनउपयोगाचं. अरबांनी फाळणी नाकारली, हे उपयोगाचं. लोक गावं सोडून गेले त्यांना परत येऊ दिलं नाही, हे बिनउपयोगाचं. युरोपात ज्यूंवर काय गुदरलं ते वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसताना मनात आलं की हेही कामाला येईल. ज्यू लोकांविषयी मला काही ममत्व होतं असं मुळीच नाही. मला ते फक्त लागत होते.

सगळ्यांत आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच होती. तिथे सुरुवातीला आलेल्या ज्यूंनी बरीचशी जमीन पैसे मोजून विकत घेतली होती. मोठे जमीनदार दूर बैरुतसारख्या शहरात राहायचे, जमीन कसायची कुळं. जमीनदाराने विकली, नव्या मालकाला ती मोकळी हवी होती, कुळं उठली. हे वाचलं आणि माझी मान ताठ झाली. कारण हे माझं होतं. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

आमचं घराणं गुहागर तालुक्यातलं, खोतांचं. खोत म्हणजे मुळात सरकारसाठी सारा वसूल करणारा. वसूल करता करता पुढे गावाचाच मालक होऊन बसलेला. खोती गेली, पाठोपाठ कुळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली आणि आमच्या हातात घराच्या आजूबाजूची थोडी बाग राहिली. हे माझ्या जन्माच्या आधीचं. पण आमच्या घरी ते काल घडल्यासारखं बोललं जायचं. वडील जेवताना आमटी खारट झाली तरी गाडी कुळांवर आणायचे. कुळांनी खाल्लं. कुळं माजली. हा राग मी इस्टेटीसारखा घेतला आणि विमानात बसवून इथे आणला. कॉव्हेंट्रीत, सेमी-डिटॅच्ड घरात, भावांशी व्हिडिओ कॉलवर मी तेच बोलायचो. मुलगी सात-आठ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, बाबा, कूळ म्हणजे काय? मी सांगितलं: टेनंट. ज्यांनी आपली जमीन घेतली ते. आपल्या गावात दोन तऱ्हेची माणसं असतात, खोत आणि कुळं.

मराठीत या शब्दाचा दुसराही अर्थ आहे, घराणं, वंश. तो जास्त जुना आहे आणि जास्त आदराचा आहे. कुळाचार, कुळस्वामिनी हे सगळं त्यातलंच. तो मी तिला सांगितला नाही. सुचलंच नाही. आमच्या घरात तो अर्थ वापरात नव्हता असंच म्हणायला हवं.

मे महिन्यातल्या बँक हॉलिडेला मुलीने बैठक ठरवली. बैठक हा शब्द बायकोचा. मुलगी त्याला लंच म्हणत होती. मुलगा आणि त्याचे वडील ग्लासगोहून गाडीने येणार होते. मुलाची आई काही वर्षांपूर्वी गेलेली. आमच्याकडे तेव्हा माझी थोरली बहीण आली होती, चिपळूणहून, व्हिजिटर व्हिसावर. मी तिला ताई म्हणतो. ताई विधवा, सत्तरीला आलेली, इंग्रजी जवळजवळ नाही. होणारे व्याही मुसलमान आहेत हे तिला मी मुद्दाम जरा दबल्या आवाजात सांगितलं, ती कपाळाला हात लावेल या आशेने. ती म्हणाली, "पोहे खातात ना पण? मग झालं."

मुलीने स्वतःवर काम घेतलं होतं ते दुभाष्याचं. आत्याच्या शेजारी बसायचं आणि इकडचं तिकडे करायचं. एरवी मंडळात मराठी बोलायला लाजणारी पोर त्या दिवशी फार खुशीत होती. तिचं मराठी म्हणजे शब्द पुष्कळ, पण 'तो-ती-ते'चा कायम गोंधळ. माझा चप्पल, तुझी घर. मी तिला लहानपणापासून टोकत आलो.

व्याही आले. उंच, सडसडीत, कार्डिगन घातलेले, शाळेत केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. त्यांनी आणलं काय, तर शॉर्टब्रेडचा डबा. मी खजूर वगैरे काहीतरी गृहीत धरून मनातल्या मनात नाक मुरडायच्या तयारीत होतो, ती तयारी फुकट गेली. त्यांचं इंग्रजी अस्सल ग्लासगोचं, त्याला खाली कुठेतरी अरबीची खरखर. तीस वर्षं इंग्रजांत काढलेल्या मला निम्मं कळत होतं. ताईने माझ्या कानाशी विचारलं, "हे इंग्रजीच ना रे?"

माणूस चांगला होता, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं आणि त्याचा मला राग आला. मुलाचं तर सोडूनच द्या. तो ताईच्या खुर्चीमागे उशी लावत होता. मी दोन-तीन खवचट प्रश्न विचारले. मोर्चे तुमच्याकडेही निघत असतील ना, ट्रॅफिकचे हाल होत असतील. ते म्हणाले, होतात, मी असतो त्यात. आणि पोह्यांतला शेंगदाणा चांगला लागतो म्हणाले. बायको खूश होऊन चहा करायला आत गेली.

आणि ताईने विचारलं. तिच्या दृष्टीने आता बैठकीतली खरी सुरुवात करायला हरकत नव्हती. पदर सावरून ती व्याह्यांकडे बघत हसली आणि मुलीला म्हणाली, "त्यांना विचार गो, कूळ कुठलं म्हणायचं त्यांचं? आपल्यात विचारतात."

मुलीला ते विचित्र वाटलं असणार. पण आत्या गावाकडची, आणि गावाकडे माणसं दोनच तऱ्हेची असतात हे तिने बापाकडून शंभरदा ऐकलेलं. तिने व्याह्यांकडे वळून शक्य तितक्या गोड आवाजात भाषांतर केलं: "माय आंटी वाँट्स टू नो, हूज टेनंट्स वेअर युवर फॅमिली?"

व्याह्यांनी प्लेट खाली ठेवली. ताईकडे पाहिलं. ती तशीच हसत होती, उत्तराची वाट बघत. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्या घरात हे असंच विचारतात का?

मला कळलं होतं. सगळं कळलं होतं, तिच्या तोंडून टेनंट हा शब्द निघाला त्याच क्षणी. त्या खोलीत दोन्ही भाषा आणि दोन्ही अर्थ माहीत असलेला माणूस मी एकटा होतो. बायको आत चहा गाळत होती. एक वाक्य पुरलं असतं: अहो नाही, ती घराण्याचं नाव विचारतेय, पोरीची चूक झाली. सगळे हसले असते. पुढे वर्षानुवर्षं लग्नांतून सांगायचा किस्सा झाला असता.

मी म्हणालो, "यस. इन अवर व्हिलेज इट्स द फर्स्ट थिंग वी आस्क. वी वेअर द लँडलॉर्ड्स."

त्यांनी सरळ उत्तर दिलं, शाळेत प्रश्न विचारला की द्यावं तसं. त्यांचे आजोबा कूळच होते. सपाटीवरचं गाव, गहू, तीळ. मालक बैरुतला. आजोबांनी त्याला आयुष्यात एकदा पाहिला होता, घोडागाडीत बसलेला, खाली न उतरलेला. एके दिवशी कळलं की जमीन विकली. घेणारी ज्यू पोरं होती, पोलंडकडची, तिथल्या मारहाणीतून जीव घेऊन आलेली. हे व्याह्यांनी मी न विचारता सांगितलं. त्यांतल्या एकाला कुदळ कशी धरायची ते आजोबांनीच दाखवलं होतं म्हणे. पण आलेल्यांना जमीन स्वतः कसायची होती, आणि गावातल्यांना जायला दुसरी जागा नव्हती. काही दिवसांनी पोलीस आले. "देअर पोलीस," यांचे पोलीस, असं म्हणून त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. तिथे आमचा इंग्रज शेजारी बापडा गाडी धूत होता. आजोबा बायकापोरांसह दुसऱ्या गावी, सासुरवाडीला राहिले. आणि पुढे मोठं युद्ध झालं तेव्हा तेही गाव सुटलं, ते कायमचं.

या जागी कुणीही गप्प बसला असता. मी आयुष्यभर गप्प बसलेला माणूस, नेमका तिथे बोललो. "द ओनर हॅड द राइट टू सेल," मी म्हणालो.

"ओनर," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तो ओनर कसा झाला माहीत आहे का. तुर्कांच्या काळात जमिनी नावावर लावायची वेळ आली तेव्हा शेतकरी घाबरले. नाव लागलं की कर आला, पोरगा फौजेत गेला. त्यांनी मोठ्या माणसाचं नाव लावू दिलं. गाव कसत राहिलं, नाव त्याचं राहिलं.

हे मला माहीत होतं. वाचनातून तर होतंच. पण त्याहून जास्त घरातून माहीत होतं. वसूल करणारा मालक कसा होतो हे खोताच्या पोराला सांगावं लागत नाही. फक्त ते बोलायचं नसतं. मग मी माझा उपयोगाचा ढीग बाहेर काढला. फाळणी नाकारली ती कुणी? पहिला हल्ला कुणी केला? दंगली, आयोग, ठराव, मी एकामागून एक फेकत गेलो. त्यांनी दोनतीन गोष्टींना उत्तरं दिली, एकदोन गोष्टी चक्क मान्य केल्या. आवाज माझाच चढलेला होता. मुलगी सारखी बाबा, बाबा करत होती. बायको चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहिली. ताई बिचारी माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघत होती, कूळ सांगायला माणसाला एवढा वेळ का लागावा, या चेहऱ्याने.

शेवटी व्याही म्हणाले, "बराच अभ्यास केलाय तुम्ही. कशासाठी?"

मी म्हणालो, सत्य समजून घ्यायला. असं म्हणालो खरा.

मुलगा उठला. वडिलांच्या खांद्याला हात लावून चला म्हणाला. जाताना व्याह्यांनी ताईसमोर छातीवर हात ठेवून मान लववली. तिने हात जोडले.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तशी मुलगी आत आली आणि आत्यावर तुटून पडली. "आत्या, तू इतका वाईट प्रश्न कसा विचारला? पहिल्यांदा भेटतो माणूस, आणि तू..."

"काय विचारलं मी?" ताई माझ्याकडे बघत म्हणाली. "कूळच विचारलं ना रे?"

आता खरं तर दोघींच्या मध्ये मी उभा होतो. मी म्हणालो, "जाऊ दे, ताईचा काही वाईट हेतू नव्हता." या वाक्याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. दिसायला ते बाजू घेणारं होतं. खरं तर त्या वाक्याने मी ताईला गुन्हेगार ठरवलं आणि वर माफही करून टाकलं.

मुलगी त्याच दुपारी ट्रेनने गेली. संध्याकाळी ताई किचनमध्ये भांडी पुसत होती. मी तिला व्याह्यांची गोष्ट सांगितली, थोडी चढवून, आपण कसं सुनावलं त्याच्यासह. म्हटलं, कुळंच होती, बघ, तिकडचीही. तिने हातातली वाटी पुसून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "आपल्या घरात नांगर कुणी धरला होता रे? तू? का मी?" आणि खोलीत निघून गेली. पुढचे सगळे दिवस ती खोलीतच जास्त असायची. बायकोही तिच्याशी तुटक वागली, कारण बायकोला कळलं होतं ते एवढंच, की नणंदेने काहीतरी भलतं विचारून पोरीचं लग्न मोडायला आणलं. बर्मिंगहॅमच्या एअरपोर्टवर ताई मला म्हणाली, "पोरीला सांग, आत्या अडाणी आहे, मनावर घेऊ नको." मी मान हलवली. सांगितलं काहीच नाही.

मुलीने माझ्याशी बोलणं सोडलं. आईला फोन करायची. लग्न पुढे ढकललं होतं, मोडलं नव्हतं. मुलाने वडिलांकडे शब्दही काढला नव्हता, पण वडील आपणहून म्हणाले होते म्हणे, तुझ्या लग्नाला मी येईन, मात्र त्या माणसाच्या घरात पुन्हा पाऊल टाकणार नाही. पोरगी मधल्या मध्ये. दोन्ही बाप एका खोलीत बसल्याशिवाय तिला लग्न करायचं नव्हतं, आणि ते कसं घडवायचं तिला कळत नव्हतं. मी विचारायचो, काय म्हणते? बायको म्हणायची, तू विचारू नको. एकदा म्हणाली, "त्या दिवशी तू काहीतरी केलंस. काय ते मला माहीत नाही. पण पोर रडत होती आणि तुझ्या तोंडावर समाधान होतं, ते मी बघितलंय." मी वर्तमानपत्र उघडलं. उघडलेलंच होतं.

ऑक्टोबरात ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, आणि मग म्हणाली, जरा एक बघ रे, बरोबर आहे का. आणि तिने इंग्रजीत एक वाक्य म्हणून दाखवलं. शेजारच्या मास्तरीणबाईंकडून बसवून घेतलेलं. "आय ॲम सॉरी फॉर माय क्वेश्चन. प्लीज डू नॉट पनिश द गर्ल." पनिशचा उच्चार तिला जमत नव्हता, दोनदा केला. म्हणाली, "त्या गृहस्थांना फोन करून म्हणेन म्हणते. बरोबर आहे ना पण? पुन्हा भलतं काही जायला नको माझ्या तोंडून."

मी म्हणालो, बरोबर आहे. पण करू नको फोन. मी जातो.

त्या शनिवारी मी ग्लासगोला गेलो. बायकोला निघायच्या आधी त्या दिवशीचं सगळं सांगितलं. आपली पिशवी भरायला घेतलेली होती ती तिने परत रिकामी केली. ती आली नाही.

व्याही तिथल्या एका जुन्या दगडी टेनेमेंट इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहतात. मुलीला मी आधी कळवून तिथे बोलावलं होतं. मुलगाही होता. तो दार उघडून आत चहा करायला गेला तो बराच वेळ आला नाही. मी कोट न काढता सांगायला सुरुवात केली. कूळ या शब्दाचे दोन अर्थ. ताईने कुठला विचारला. पोरीने कुठला सांगितला. आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मुलगी आधी गोंधळली. "म्हणजे कूळ म्हणजे टेनंट नाही?"

"तेही आहे."

"तूच सांगितलं होतं."

"हो. दुसरा अर्थ सांगायचा राहिला."

"आणि तिथे? तुला माहीत होता ना? मी चूक केला, ते तुला तिथे कळला होता?"

हो, म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. इतके महिने तिने आत्याला फोन केला नव्हता. मी तिथे बसून तिला तो हिशेब करताना बघत होतो.

व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे तुमच्या बहिणीने माझ्या घराण्याचं नाव विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. आमच्याकडेही विचारतात. आणि मी तिला उत्तर दिलं नाही. त्यांनी ताईचा नंबर मागितला. मी दिला. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं. चूक भाषांतराची होती, ती दुरुस्त झाली, आता हा माणूस हात पुढे करेल.

ते म्हणाले, "प्रश्न वाकडा आला, कबूल. पण तुमचं उत्तर कुणी भाषांतर केलं नव्हतं. मालकाला विकायचा हक्क होता, हे तुम्ही मला इंग्रजीत सांगितलंत. आजही तसंच वाटतं का?"

इथे पुन्हा 'बघू' म्हणायची सोय होती. मी खरं सांगितलं. म्हटलं, कायद्याने हक्क होता असंच वाटतं. पण त्या दिवशी मी ज्यूंच्या बाजूने बोलत नव्हतो, तुमच्या विरुद्धही नाही. मी घोडागाडीतल्या माणसाच्या बाजूने बोलत होतो, कारण आमचं घराणं तेच. आणि खरं कारण तेही नव्हतं. मला जावई मुसलमान नको होता. खिडकीशी मुलगी हलली नाही. मी पुढे सांगितलं की आमच्याकडे उलट झालं, सरकारने कायदा केला आणि जमीन कुळांना दिली. आमच्या घरी अजून त्यावरून शिव्या देतात. मीही देतो.

ते हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "तुमच्याकडे कुळांना जमीन मिळाली," ते म्हणाले, "तुम्हाला कुणी गावातून हाकललं नाही, बॉम्ब टाकले नाहीत, आणि तुम्ही अजून रागावलेले आहात. आणि मी शांत राहावं अशी तुमची अपेक्षा होती." मग उठून त्यांनी आतल्या खोलीकडे बघत मुलाला हाक मारली, की पाहुण्यांच्या ट्रेनची वेळ झाली असेल. ट्रेनला अजून पुष्कळ वेळ होता. चहा आला नाही.

मुलगी जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "यू कॅन कम. टू द वेडिंग. हिज डॅड वोंट माइंड. आय आस्क्ड हिम." मी मराठीत काहीतरी म्हणायला गेलो. तिने मान हलवली. "इंग्लिश, प्लीज, बाबा. आय डोंट ट्रस्ट यू इन मराठी."

लग्न जानेवारीत रजिस्ट्रारकडे झालं. दोन्ही बाप एका खोलीत होते, तिने म्हटल्याप्रमाणे. व्याह्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, रिटायर्ड शिक्षक पालकांशी करतो तसं, आणि मग दिवसभर माझ्याशी काही बोलले नाहीत. ताईला आणायचा व्हिसा वेळेत झाला नाही. तिला व्हिडिओवर घेतलं होतं. त्यांचं आणि ताईचं, किंवा मुलीचं आणि ताईचं मधल्या काळात फोनवर काय बोलणं झालं, ते मला कुणी सांगितलं नाही. ताई मला आता फारसा फोन करत नाही. केला तर बायकोला दे म्हणते.

सह्या झाल्यावर मुलगी आमच्याजवळ आली. मला म्हणाली, "थँक यू फॉर कमिंग," ऑफिसातल्या कुणाला म्हणावं तसं, अगदी नीट. मग आईकडे वळून डोक्याला हात लावत म्हणाली, "आई, माझा केस नीट आहे का? मागून बघ ना जरा." आईने मागून पिन खोचली. दोघी काहीतरी हळू आवाजात बोलत राहिल्या, मराठीत, पोरीचं सगळं चुकत होतं. मी तिथेच उभा होतो. मला टोकायची सवय आहे, जीभ वळवळली, पण ते माझ्याशी नव्हतं.